दुर्गम वस्तीचे आरोग्य: दवाखाना दूर असताना गावाने करायची कामे

रस्त्यापासून तुटलेल्या वस्तीत माणसे ज्या आजारांनी मरतात ते आजार जगावेगळे नसतात. अतिसार, न्यूमोनिया, बाळंतपणातील रक्तस्राव, नवजात बाळाचा जंतुसंसर्ग, सर्पदंश आणि दुर्लक्षित रक्तदाब ही यादी शहरातही जवळपास हीच असते. फरक पडतो तो वेळेत. शहरात दोन तासांत मिळणारी मदत इथे दोन दिवसांनी मिळते आणि त्या मधल्या काळात साधा आजार जीवघेणा होतो. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात या वेळेचे तीन तुकडे पाडून दाखवले: मदत घ्यायची हे ठरवण्यातला उशीर, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला उशीर आणि पोहोचल्यावर प्रत्यक्ष उपचार सुरू होण्यातला उशीर. यांपैकी पहिले दोन उशीर बऱ्याच अंशी वस्तीच्या स्वतःच्या हातात असतात, आणि या लेखातील बहुतेक कामे त्या दोहोंभोवती रचलेली आहेत.

सुरुवात आरोग्य शिबिराने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिबिरात एका दिवसात शेकडो माणसे तपासली जातात, गोळ्या वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात. पण ज्याचा रक्तदाब वाढलेला आढळला त्याला पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार, याचे उत्तर शिबिराकडे नसते. शिबिर घ्यायचेच असेल तर ते खाली सांगितलेली व्यवस्था उभी राहिल्यावर, तिला पूरक म्हणून घ्यावे.

पहिली पायरी: नकाशा, घरयादी आणि उशिरांचा हिशेब

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली आणि ती एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेली आहेत हे दाखवून दिले. वस्तीचा नकाशा याच कारणासाठी काढायचा असतो. जमिनीवर रांगोळीने किंवा खडूने, सर्वांच्या देखत, तो काढावा आणि मग कागदावर उतरवावा. त्यात घरे, पाण्याच्या सर्व जागा, शौचालये व उघड्यावर जाण्याच्या जागा, पावसात बंद होणाऱ्या वाटा, ओढ्यावरचे उतार आणि मोबाइलला संपर्कक्षेत्र मिळते त्या नेमक्या जागा दाखवाव्यात. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण रात्री दोन वाजता कोणत्या टेकाडावर उभे राहिले की फोन लागतो हे वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत असणे फार मोलाचे आहे.

घरयादीत पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, एकटे राहणारे वृद्ध, अपंग व्यक्ती आणि रक्तदाब, मधुमेह, अपस्मार किंवा क्षयरोगासाठी रोज औषध घेणारे रुग्ण यांची नोंद हवी. ही यादी भिंतीवर लावू नये. ती एका जबाबदार व्यक्तीकडे कुलपात असावी.

त्यानंतरचे काम नाजूक आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत वस्तीत झालेल्या प्रत्येक मृत्यूची आणि मरता मरता वाचलेल्या प्रत्येक माणसाची कालरेषा तयार करावी. पहिले लक्षण केव्हा दिसले, ते गंभीर आहे असे कोणाला आणि केव्हा वाटले, न्यायचे केव्हा ठरले, वाहन मिळायला किती तास गेले, दवाखान्यात गेल्यावर किती वेळ थांबावे लागले, हे घरच्यांच्या संमतीने, मृत्यूला काही आठवडे उलटल्यावर, शांतपणे विचारावे. ही चौकशी दोष देण्यासाठी नाही, हे आधीच सांगावे आणि प्रश्नांच्या सुरातही ते जाणवावे. दहा-बारा घटना जमल्या की चित्र उभे राहते. एखाद्या वस्तीत सगळा वेळ गाडी शोधण्यात गेलेला दिसतो, तर दुसरीकडे सासरची माणसे घरी परतेपर्यंत कोणी निर्णयच घेतलेला नसतो. दोन्ही ठिकाणी उपाय वेगळे आहेत.

टक्केवारीच्या मागे मात्र लागू नये. तीनशे माणसांच्या वस्तीत वर्षाला जेमतेम पाच-सात बाळे जन्मतात. त्यांतले एक दगावले तर बालमृत्युदर भयंकर दिसतो आणि पुढच्या वर्षी एकही दगावले नाही तर शून्य दिसतो. इतक्या लहान संख्येत दर काढण्यापेक्षा प्रत्येक घटना नीट समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

दुसरी पायरी: वस्तीतलीच माणसे निवडून तयार करणे

रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावोगावच्या, अनेकदा निरक्षर आणि उपेक्षित जातींतल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने ३९ गावांतील प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. या दोन्ही कामांतून निवडीचा एक निकष मिळतो: शिक्षणापेक्षा लोकांचा विश्वास आणि वस्तीत कायमचे वास्तव्य अधिक महत्त्वाचे. नुकतीच दहावी झालेली, पुढे शिकायला बाहेर जाणारी मुलगी उत्साही असली तरी वर्षभरात वस्ती सोडते. नातवंडे असलेली, चार घरांत सल्ल्यासाठी बोलावली जाणारी बाई सहसा टिकते.

निवड सभेत, स्त्रियांच्या उपस्थितीत व्हावी. एकाऐवजी दोघींना तयार करावे, म्हणजे एक आजारी पडली किंवा माहेरी गेली तरी काम थांबत नाही, शिवाय रात्री-अपरात्री जाताना सोबत मिळते. त्यांना मानधन द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात मोबदला मिळावा आणि तो निव्वळ कामगिरीवर आधारित बक्षिसांच्या रूपात नसावा, असे म्हटले आहे. सेवाभावाच्या नावाखाली गरीब बाईकडून वर्षानुवर्षे फुकट काम करून घेणे अन्यायाचे तर आहेच, पण त्यामुळे काम बंद पडते हेही तितकेच खरे.

प्रशिक्षण एका दमात महिनाभराचे देऊ नये. दोन-तीन दिवसांचा वर्ग, मग महिनाभर प्रत्यक्ष काम, पुन्हा वर्ग, असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक वेळी जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा डॉक्टरांना सोबत घ्यावे. कार्यकर्तीने पाठवलेला रुग्ण केंद्रात ओळखला जावा, यासाठी ही ओळख आधीच झालेली बरी.

तिसरी पायरी: धोक्याची लक्षणे आणि घरचा पहिला उपचार

कार्यकर्तीला आणि तिच्यामार्फत प्रत्येक घराला ज्या गोष्टी पाठ असाव्यात त्या मोजक्याच आहेत. त्या वाढवण्याचा मोह टाळावा.

अतिसार. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याच्या सोड्याचे पाणी तोंडाने द्यायला लावले आणि सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूंचे प्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. त्या छावणीत ते पाणी बहुतेक वेळा नातेवाईकच पाजत होते, ही बाब दुर्गम वस्तीसाठी विशेष बोलकी आहे. शक्यतो ओआरएसची तयार पाकिटे प्रत्येक घरात ठेवावीत आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच स्वच्छ पाण्यात ती विरघळवावीत. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे; मीठ जास्त झाल्यास धोका असतो, म्हणून घरातल्या चमच्यानेच एकदा माप करून दाखवावे. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर पाणी घोट घोट द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून अधिक सावकाश पाजावे. २४ तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. सोबत झिंकची गोळी रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालील बाळाला १० मिलिग्रॅम, अशी १० ते १४ दिवस द्यावी. जुलाब थांबले तरी गोळी पूर्ण करावी. स्तनपान आणि जेवण बंद करू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले तर घरी थांबू नये.

न्यूमोनिया. यासाठी लागते ते घड्याळ आणि संयम. मूल शांत असताना, दूध पीत नसताना, पोटावरचे कापड बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे श्वासगती वाढलेली आहे व उपचार हवेत. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर आकडा काहीही असो, मुलाला तातडीने न्यावे. हे मोजमाप सुरुवातीला चुकते. दहा-पंधरा निरोगी मुलांवर सराव केल्यावर हात बसतो.

नवजात बाळ. जन्मताच पुसून कोरडे करावे, आईच्या छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवावे, वरून पांघरूण घालावे, तासाभरात स्तनपान सुरू करावे आणि पहिली अंघोळ किमान २४ तास पुढे ढकलावी. नाळेवर शेण, राख, तेल असे काहीही लावू नये. ती कोरडी ठेवावी. कमी वजनाच्या बाळाला दिवसातला जास्तीत जास्त वेळ आईच्या, आणि ती थकल्यावर वडिलांच्या किंवा आजीच्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथील रुग्णालयात सुरू झाली. तिला वीज लागत नाही. बाळ दूध ओढेनासे झाले, हालचाल मंदावली, अंग तापले किंवा थंडगार पडले, झटके आले अथवा श्वास जलद झाला तर वाट पाहू नये.

गरोदर व बाळंतीण स्त्री. रक्तस्राव, दृष्टी अंधूक करणारी तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, कळांआधी पाणी जाणे आणि बारा तासांहून लांबलेल्या कळा ही लक्षणे घरातल्या पुरुषांनाही माहीत हवीत, कारण गाडी बोलवायचा निर्णय अनेकदा त्यांच्या हाती असतो. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला तर त्याच दिवशी केंद्राशी बोलावे.

कुपोषण. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डाव्या दंडाचा घेर मोजपट्टीने मध्यावर मोजावा. तो ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल, किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यास खळगा पडणारी सूज असेल, तर कुपोषण तीव्र आहे, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम. ही पट्टी आईच्या हाती द्यावी, ती चांगली मोजते.

सर्पदंश. दंश झालेला अवयव काठी बांधून स्थिर ठेवावा, अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत, रुग्णाला चालू न देता उचलून न्यावे आणि दंशाची वेळ लिहून ठेवावी. कापणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे यांनी नुकसान होते. प्रतिविष नेमके कोणत्या रुग्णालयात उपलब्ध असते याची चौकशी दर दोन-तीन महिन्यांनी करावी. जवळच्या केंद्रात ते नसेल तर रुग्णाला तिथे नेण्यात हकनाक तास जातात.

चौथी पायरी: अंतर कापण्याची व्यवस्था

मला विचाराल तर सर्वाधिक कष्ट याच पायरीवर घ्यावेत. लक्षण ओळखले, निर्णयही झाला, पण न्यायची सोय नसेल तर आधीचे सगळे वाया जाते.

वाहनरस्त्यापर्यंत रुग्णाला उचलून न्यावे लागत असेल तर एक मजबूत, घडीचे स्ट्रेचर वस्तीत ठरलेल्या जागी ठेवावे. आठ-आठ माणसांच्या दोन-तीन तुकड्या करून त्यांचे महिनावार वेळापत्रक लावावे, म्हणजे मध्यरात्री दारोदार माणसे शोधावी लागत नाहीत. चौघे उचलतात आणि चौघे पुढे जाऊन वाट दाखवतात, बदली देतात. रस्त्याकडेच्या दोन वाहनमालकांशी आधीच बोलून भाडे ठरवून घ्यावे आणि ते कागदावर लिहून ठेवावे; संकटात घासाघीस होते ती याच मुद्द्यावर. सरकारी रुग्णवाहिकेचा क्रमांक, केंद्राचा क्रमांक आणि वाहनमालकांचे क्रमांक प्रत्येक दारामागे मोठ्या अक्षरांत चिकटवावेत.

आपत्कालीन निधी दरमहा घरटी थोड्या रकमेतून उभा करता येतो. त्याचे तीन नियम पुरतात: रात्री कोणत्याही वेळी पैसे काढून देण्याचा अधिकार दोन ठरावीक घरांकडे असेल, देताना परतफेडीची ऐपत विचारली जाणार नाही, आणि हिशेब दर महिन्याच्या सभेत वाचला जाईल. ज्या घराने वर्गणी भरलेली नाही त्यालाही गाडी नाकारायची नाही, हे सुरुवातीलाच ठरवून टाकावे, नाहीतर पहिल्याच प्रसंगी वाद होतो.

जोखमीच्या गरोदरपणात, किंवा पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या वस्तीत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी त्या स्त्रीला रुग्णालयाजवळ राहायला नेणे हा सर्वात भरवशाचा उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही दुर्गम भागांसाठी अशा प्रतीक्षागृहांची शिफारस केलेली आहे. अडचण सहसा जागेची नसते. मागे राहिलेली मुले, गुरे आणि स्वयंपाक कोण सांभाळणार याची असते. तो बंदोबस्त शेजारणींमध्ये नावानिशी वाटून द्यावा.

रुग्णासोबत एक चिठ्ठी जावी: नाव, वय, लक्षणे केव्हा सुरू झाली, काय दिले, कोणाचा फोन. आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, खोट्या रुग्णाला स्ट्रेचरवर घालून पूर्ण सराव करावा. दोरी कुठे तुटते, बॅटरीत सेल नाहीत, अमुक उतारावर चार माणसे मावत नाहीत, हे त्याच दिवशी कळते.

पाचवी पायरी: पाणी आणि शौचालय

नकाशावर पाण्याच्या जागा आल्याच आहेत. विहिरीत ब्लीचिंग पावडर अंदाजाने ओतण्याऐवजी पाण्याचे आकारमान काढावे: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले चार. सर्व मापे मीटरमध्ये घेतल्यास उत्तर घनमीटरमध्ये येते आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. ३ मीटर व्यासाच्या व ४ मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे २८,२६० लिटर पाणी असते. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला साधारण २.५ ग्रॅम लागते, म्हणजे इथे सुमारे ७० ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवावी, निवळी वर आली की फक्त ती विहिरीत सोडावी, चुना टाकून द्यावा. अर्ध्या तासानंतर तपासणी संचाने लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले दिसले पाहिजे. पाणी गढूळ असेल तर मात्रा वाढवावी लागते. उघडे राहिलेले पोते महिन्याभरात निकामी होते, म्हणून पावडर हवाबंद व अंधाऱ्या जागी ठेवावी.

शौचालयाचा खड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. पावसाळ्यात भूजल वर येणाऱ्या जमिनीत खोल खड्ड्याऐवजी जमिनीच्या वर उचललेले बांधकाम घ्यावे.

सहावी पायरी: मनाचे आरोग्य

दुर्गम वस्तीत एकाकीपणा, कर्ज, व्यसन आणि घरातली मारहाण यांबद्दल बोलायला तिऱ्हाईत माणूसच नसतो; सगळेच एकमेकांचे नातेवाईक. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या टंचाईवर उपाय म्हणून आजीच्या वयाच्या स्त्रियांना प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून त्या माणसाचे ऐकतात आणि त्याच्याबरोबर एका वेळी एकाच अडचणीवर उपाय शोधतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने नैराश्याची लक्षणे लक्षणीयरीत्या कमी झालेली आढळली. इथे शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे शिस्त: कार्यकर्ती सल्ल्यांचा भडिमार करत नाही आणि ऐकलेले बाहेर बोलत नाही. गोपनीयता एकदा मोडली की पुन्हा कोणी बाकाजवळ येत नाही.

आत्महत्येचे विचार येतात का, हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. कीटकनाशके घरात न ठेवता कुलपाच्या पेटीत, शक्यतो सामायिक जागी ठेवावीत. क्षणिक आवेगात हाताशी विष नसणे, एवढ्यानेही जीव वाचतात. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले.

सातवी पायरी: महिन्याची बैठक

नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या मासिक गटांचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. तिथे नवजात मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. झारखंड व ओडिशात अशाच गटांनी तीन वर्षांत ३२ टक्क्यांची घट दाखवली. या बैठकांत कोणी डॉक्टर भाषण देत नव्हते. स्त्रिया चित्रांच्या कार्डांवरून आणि गोष्टींवरून आपल्या अडचणी स्वतः निवडत, त्यांवर उपाय ठरवत, ते करून पाहत आणि मग काय जमले हे तपासत. आपल्या बैठकीतही हाच क्रम ठेवावा. एका बैठकीत एकच अडचण घ्यावी. बैठकीची वेळ स्त्रियांच्या कामाच्या वेळा पाहून ठरवावी आणि सर्वात दूरच्या घरातली, कधीच न बोलणारी बाई आली आहे का हे आवर्जून पाहावे. आली नसेल तर पुढची बैठक तिच्या अंगणात घ्यावी.

वर्ष संपले की पहिल्या पायरीतल्या कालरेषा पुन्हा बाहेर काढाव्यात आणि त्यांच्या शेजारी या वर्षातल्या घटनांच्या कालरेषा मांडाव्यात. निर्णयाला लागलेले तास घटले का, वाहनाला लागलेले तास घटले का, हे दोन रकाने आधी पाहावेत. दवाखान्यात गेल्यानंतरचा उशीर जसाच्या तसा असेल तर ती कालरेषा घेऊन वस्तीतल्या पाच-सात जणांनी केंद्राच्या प्रमुखाची भेट घ्यावी. तारखा आणि वेळा लिहिलेल्या कागदाला नुसत्या तक्रारीपेक्षा उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.